मोबाइल होममध्ये १२५ गॅलनचा फिश टँक: फ्लोअरला खालून आधार कसा द्यायचा?

पाणवठा

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या एका पार्कात १९७९ सालचं डबलवाइड मोबाइल होम (कारखान्यात दोन भागांत बनवून जागेवर आणून जोडलेलं घर) घेतलं आहे. हॉलमध्ये बाहेरच्या लांब भिंतीला लागून १२५ गॅलनचा गोड्या पाण्याचा टँक ठेवायचा आहे. मापं ७२ × १८ × २१ इंच, काचेचा, वर-खाली प्लास्टिकची रिम असलेला. स्टँड लाकडी आहे, चार पायांवर उभा न राहता खाली चौकटीवर सलग टेकतो. टँक आणि भिंतीत चार इंच जागा सोडणार आहे.

घराखाली सरपटत जाता येतं. जमिनीपासून लोखंडी आय-बीमच्या खालच्या कडेपर्यंत २० इंच, आणि बीम स्वतः १० इंच उंच. बीमखाली काँक्रीटच्या ठोकळ्यांचे पियर, म्हणजे आधाराचे खांब आहेत. बीमच्या वर सगळं काळ्या कापडाने झाकलेलं, त्यामुळे जॉइस्ट (फ्लोअर पेलणाऱ्या लाकडी पट्ट्या) दिसत नाहीत. हॉलमधून कुणी चाललं की कपाटातल्या काचा किणकिणतात.

दुकानात सांगितलं की स्टँडखाली जाड प्लायवुड टाका, वजन पसरतं, बाकी काही करू नका. बांधकामातल्या एका ओळखीच्यांचं म्हणणं, बाहेरच्या भिंतीलगत फ्लोअर सगळ्यात मजबूत असतं, तिथे ठेवलं की झालं. दोन्ही बरोबर आहे का? आणि आधार द्यायचाच असेल तर नेमका कुठे आणि कशाचा?

---

रंधा

दोन्ही सल्ले तुमच्या घराला लागू पडत नाहीत. भिंतीचा आधी घेतो, कारण घोळ तिथेच होतो.

साध्या घरात बाहेरची भिंत थेट पायावर बसते, म्हणून तिच्यालगत फ्लोअर घट्ट असतं. मोबाइल होमचं तसं नाही. तिथे घराचा प्रत्येक भाग (डबलवाइडमध्ये असे दोन) दोन लांब लोखंडी आय-बीमवर बसलेला असतो आणि पियर त्या बीमखाली असतात. बाहेरची भिंत बीमच्या पलीकडे दीड-दोन फूट किंवा थोडी जास्तच बाहेर असते. तिला आधार असतो तो जॉइस्टच्या पुढे आलेल्या टोकांचा आणि बीमपासून बाहेर निघणाऱ्या लोखंडी हातांचा, म्हणजे आउटरिगरचा. भिंत आणि छपराचं वजन त्या टोकांवर आधीपासून आहेच. दारं आणि मोठ्या खिडक्यांच्या दोन्ही बाजूंना कडेखाली पियर असू शकतात, पण ते तुमच्या टँकखालीच येतील असं नाही. म्हणजे तुम्ही निवडलेली जागा अधांतरी भागावर आहे.

आता वजन. १२५ गॅलनचा काचेचा टँक पाण्यासकट सुमारे १४०० पौंड भरतो. स्टँड, वाळू, दगड, फिल्टर धरून १७०० पौंड, म्हणजे ७७० किलो धरा. टँकचा तळ ९ चौरस फूट, म्हणजे दर चौरस फुटाला जवळपास १९० पौंड. तुमचं घर १५ जून १९७६ नंतरचं असल्याने हडच्या, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय गृहनिर्माण खात्याच्या कोडखाली येतं, आणि त्यात फ्लोअर दर चौरस फुटाला ४० पौंड जिवंत भार (माणसं, सामान यांचा) पेलेल असं डिझाइन करतात. हे दोन आकडे शेजारी ठेवून लोक घाबरतात किंवा कोडच थोतांड म्हणून सोडून देतात. ४० चा आकडा पूर्ण खोलीभर एकसारखा भार धरून आहे. १२ × १५ फुटांच्या खोलीत तो ७२०० पौंड होतो, पण सगळ्या जॉइस्टवर वाटून. तुमचे १७०० पौंड किती जॉइस्टवर पडतात आणि त्या जॉइस्टच्या कुठल्या भागावर, हे पाहायचं.

जॉइस्ट बहुधा २ × ६ चे, १६ इंचांवर असतील. घराच्या रुंदीत, म्हणजे बीमला आडवे जात असतील तर लांब भिंतीलगतचा ७२ इंची टँक पाच जॉइस्टवर बसेल, प्रत्येकी साधारण ३४० पौंड. काही कारखाने जॉइस्ट लांबीत टाकत. तसं असेल तर तोच टँक जेमतेम दोन जॉइस्टवर येईल, आणि मग आधाराची पद्धतच बदलते. त्यामुळे काहीही विकत आणण्याआधी दिशा बघा. हॉलमधल्या फ्लोअरवरचं हीटरचं जाळीचं झाकण उचला. त्या भोकाच्या कडेला डेकिंग (जॉइस्टवर ठोकलेला फ्लोअरचा बोर्ड) किती जाड आणि कशाचं आहे ते कापलेल्या कडेवरून कळतं, आणि बाजूचा जॉइस्ट कुठल्या दिशेने जातो तेही दिसतं. तिथून दिसलं नाही तर टँकच्या जागेखालच्या काळ्या कापडाला सहा इंचांची चीर द्या आणि आतला उष्णतारोधक फायबरग्लास हाताने बाजूला करून बघा.

प्लायवुडचं म्हणाल तर पाऊण इंची प्लाय स्टँडच्या कडेखाली डेकिंग दाबलं जाऊ देत नाही, तेवढ्यापुरतं चांगलं. पण तुमचा स्टँड सलग टेकणारा, त्यामुळे तो फायदाही थोडाच. जॉइस्टवरचं एकूण वजन प्लायने एक पौंडही कमी होत नाही. काचा किणकिणतात म्हणजे जॉइस्ट आत्ताच लवतायत. टँक ठेवल्यावर तीच लवण पाण्याच्या हेलकाव्यात दिसेल.

---

चौकट

रंधा यांनी वजनाचं सगळं सांगितलंय, मी बांधकामावर येतो. खालचं सगळं जॉइस्ट आडवे आहेत असं धरून आहे.

आधी घराच्या कडेपासून आय-बीमपर्यंतचं अंतर मोजा. २४ इंच आलं असं समजू. टँक भिंतीपासून ४ ते २२ इंचांत बसणार, म्हणजे त्याची पुढची कड बीमच्या जवळच आहे. मागची बाजू लोंबकळते. अशा वेळी आधाराची एकच ओळ पुरते, कडेपासून सुमारे १० इंचांवर, टँकच्या लांबीला समांतर. दुसरी ओळ पुढच्या कडेखाली घालणारे दिसतात, पण बीम तिथून दोन इंचांवर असताना ती फुकट जाते. बीम ३० इंच किंवा जास्त आत असेल तर मात्र दोन ओळी घाला.

सामान असं: जमिनीला टेकवण्यासाठी चालणाऱ्या प्रेशर-ट्रीटेड लाकडाची ४ × ६ ची आठ फुटी तुळई एक, ७८ इंचांवर कापलेली, म्हणजे टँकच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच पुढे जाते. १६ × १६ × ४ इंची काँक्रीट पॅड तीन. ८ × ८ × १६ चे पोकळ काँक्रीट ठोकळे सहा. ४ इंची भरीव कॅप ठोकळे तीन. २ × ८ च्या ट्रीटेड फळीचे १६ इंची तुकडे तीन. कडक लाकडाच्या पाचरी, सहा जोड्या तरी. घराखालचं कापड जोडायच्या बेली टेपचा एक रोल. साध्या डक्ट टेपने काळं कापड चिकटत नाही, काही महिन्यांत लोंबतं.

उंची जुळते का बघा. जमिनीपासून जॉइस्टच्या तळापर्यंत २० अधिक १०, म्हणजे ३० इंच. पॅड ४. ठोकळ्याला आठ इंची म्हणतात पण भरतो ७⅝, दोन मिळून १५¼. कॅप ३⅝. उभी ठेवलेली ४ × ६ तुळई प्रत्यक्षात ५½. बेरीज २८⅜. उरले १⅝, त्यात २ × ८ चा तुकडा दीड इंच घेतो आणि बाकी पाचर. जमीन सपाट नसते, म्हणून तिन्ही जागी वेगळं मोजा. पाचरींची जाडी एकूण एक इंचाच्या वर जाऊ द्यायची नाही. जास्त फट असेल तर फळीने भरा.

काम करताना क्रम महत्त्वाचा. पॅडखालची गवताची, भुसभुशीत माती काढून कडक मातीपर्यंत या, ठोकून सपाट करा, पॅड लेव्हलमध्ये बसवा. पॅड ३६ इंचांच्या अंतराने, टोकाचे दोन तुळईच्या टोकांपासून तीन इंच आत. ठोकळ्यांची भोकं उभी राहतील असेच रचा. आडवी भोकं ठेवलेला ठोकळा वजनाखाली फुटतो. मग तुळईच्या रेषेत काळ्या कापडाला लांब चीर द्या, फायबरग्लास दोन्हीकडे सारा आणि तुळई लाकडाला लाकूड भिडवून बसवा. कापड आणि फायबरग्लासवरूनच तुळई दाबून मोकळं होऊ नका. तो थर वजनाखाली दबत राहतो, आणि आधार दिसायला असूनही भार घेत नाही.

जॉइस्टचे तळ एका रेषेत नसतात. एक जॉइस्ट पाव इंच वर असला तर त्याच्यापुरती वेगळी पातळ पाचर तुळईच्या माथ्यावर घाला. नाहीतर उरलेल्या चारांवर त्याचा वाटा जातो.

शेवटी पियरवरच्या पाचरी जोडीने, समोरासमोरून ठोका. एका बाजूने ठोकलेली पाचर तुळईला तिरकी करते. हातोडीचा बद्द आवाज टणक झाला की थांबा. जॅक इथे लावूच नका. घर उचलायचं नाही, फक्त भिडायचं. फ्लोअर पाव इंच वर गेलं तरी खिडकी अडकायला लागते आणि भिंतीच्या पॅनेलचे सांधे उघडतात.

आउटरिगर मध्ये आला तर त्याला हात लावू नका, कापणं तर नाहीच. तुळई त्याच्या दोन्ही बाजूंना दोन तुकड्यांत करा आणि प्रत्येक तुकड्याला दोन पियर द्या.

जमिनीवर किती येतं तेही सांगतो. कडेपासून १० इंचांवरच्या ओळीवर १७०० पैकी सुमारे १३५० पौंड पडतात. सलग तुळई असल्याने मधला पियर सगळ्यात जास्त घेतो, ८४० च्या आसपास, टोकाचे अडीचशे-अडीचशे. १६ × १६ चा पॅड म्हणजे १.७८ चौरस फूट. माती दर चौरस फुटाला १५०० पौंड पेलते असं धरलं तर एका पॅडची ताकद २६०० पौंडांच्या वर. भरपूर आहे. आय-बीमवर उरलेलं साडेतीनशे पौंड जातं, त्यासाठी नवा पियर लागत नाही, पण टँकजवळचे जुने पियर हलवून बघा. एखाद्याची पाचर हाताने सुटत असेल तर ती आधी घट्ट करा.

जॉइस्ट लांबीत निघाले तर ही एक लांब तुळई उपयोगाची नाही. मग भिंतीला काटकोनात तीन छोट्या तुळया, टँकच्या दोन टोकांपासून थोड्या आत आणि एक मध्ये, प्रत्येकीखाली दोन पियर.

---

निळाई

लाकडाचं झालं, आता पाण्याकडून येणाऱ्या गोष्टी.

१९७९ च्या घरात डेकिंग पार्टिकल बोर्डचं (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डचं) असण्याची शक्यता मोठी आहे. वजनाने तो लगेच मोडत नाही, पाण्याने मरतो. पाणी बदलताना सांडलेलं, फिल्टरच्या पाइपवरून थेंबथेंब उतरलेलं पाणी लॅमिनेटच्या सांध्यातून खाली जातं, बोर्ड फुगतो, आणि एकदा फुगलेला बोर्ड वाळला तरी ताकद परत येत नाही. स्टँडखाली हे दिसत नाही. म्हणून टँक येण्याआधी त्या जागेचं लॅमिनेट उचला, बोर्ड टोच्याने टोचा. टोचा सहज आत गेला किंवा भुसा निघाला तर तेवढा भाग जॉइस्टच्या मध्यापासून मध्यापर्यंत काढून पाऊण इंची प्लायवुड गोंद आणि स्क्रूने बसवा. मात्र त्या काळच्या व्हायनलच्या शीटमध्ये आणि तिच्या गोंदात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. लॅमिनेटखाली जुनं व्हायनल दिसलं तर करवत लावण्याआधी नमुना लॅबला द्या. ते व्हायनल खरवडायचं नाही, सँडपेपरने घासायचं नाही.

स्टँडखाली कडा वर वळलेला वॉटरप्रूफ ट्रे ठेवा. वायरी प्लगपेक्षा खाली झोळ देऊन मग वर न्या, आणि प्लग जीएफसीआयचा, म्हणजे वीज गळली की आपोआप बंद होणारा.

भरताना टप्पे करा. स्टँड रिकामा असतानाच लांबी, रुंदी आणि दोन्ही कर्णांवर लेव्हल बघा. टँक ठेवा, एक तृतीयांश भरा, चारही कोपऱ्यांत रिमपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा, मग दोन तृतीयांश, मग पूर्ण. पाण्याची पातळी हीच सगळ्यात खरी लेव्हल. लांबीत एक बाजू ⅛ इंच खाली असेल तर चालतं. एकच कोपरा बाकी तिघांपेक्षा खाली जात असेल तर थांबा. तो पीळ आहे, आणि पीळ काचेच्या सांध्यातल्या सिलिकॉनवर येतो.

लेव्हल करायची ती टँक रिकामा करून, पाचर स्टँड आणि फ्लोअरच्या मध्ये. टँक आणि स्टँडमध्ये कधीच नाही. तुमच्या टँकला रिम आहे, त्यामुळे खाली फोमही नको. रिमच्या टँकचा भार फक्त कडेवर यायला हवा, फोम मधल्या काचेला वर ढकलतो. फोम रिमलेस टँकसाठी.

झाकण ठेवा. एवढ्या मोठ्या उघड्या टँकमधून रोज गॅलनभर पाणी उडून जाऊ शकतं, आणि मोबाइल होमच्या बंदिस्त हवेत ते थंडीत अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांवर आणि भिंतीच्या आत साचतं.

---

गाळमाती

दोन गोष्टी राहिल्या, दोन्ही इथल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्याच.

एक म्हणजे माती. इथे बऱ्याच भागात चिकणमाती आहे. पावसाळ्यात, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, ती फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. घराच्या कडेजवळचे पियर जास्त हलतात, कारण पाणी तिथे पोचतं आणि घराच्या मध्याखालची माती तुलनेने कोरडी राहते. तुमचे तिन्ही नवे पियर कडेपासून दहा इंचांवर असणार. छपराच्या पन्हाळीचं पाणी त्या बाजूला पडत असेल तर ते आधी लांब न्या. पहिल्या हिवाळ्यानंतर आणि पहिल्या उन्हाळ्याच्या शेवटी खाली जाऊन पाचरी बघा. सुटी पाचर सापडली तर टँक भरलेला असतानाही ती जोडीने हलक्या हाताने घट्ट करता येते. उलट, माती फुगून पियरने फ्लोअर उचललं असेल तर टँक निम्म्याहून जास्त रिकामा केल्याशिवाय पाचर काढू नका.

दुसरं, भूकंप. १९८९ च्या लोमा प्रिएता आणि १९९४ च्या दक्षिण कॅलिफोर्नियातल्या नॉर्थरिजच्या भूकंपांत अनेक मोबाइल होम पियरवरून खाली आले होते. चौकट यांनी सांगितलेला आधार उभ्या वजनासाठी आहे, आडव्या धक्क्याला तो काही करत नाही. तुमच्या घराला भूकंपरोधक ब्रेसिंग बसवलंय का ते खाली गेल्यावर बघा. ठोकळ्यांच्या पियरपेक्षा वेगळे, पॅडपासून बीमला घट्ट बोल्ट केलेले लोखंडी स्टँड दिसतील.

टँकचं म्हणाल तर १८ इंच खोल आणि स्टँडसकट ५० इंचांच्या आसपास उंच, पुढे कलंडायला सोयीचा आकार. स्टँडच्या मागच्या वरच्या पट्टीपासून भिंतीतल्या निदान दोन स्टडना (पॅनेलमागच्या उभ्या लाकडांना) लोखंडी अँगल किंवा पट्टा घ्या. नुसत्या पॅनेलमध्ये स्क्रू घालून उपयोग नाही. जुन्या मोबाइल होमचे स्टड २ × ३ चेही असतात, म्हणून स्क्रू मध्यावर बसतोय का ते बारीक भोक पाडून आधी तपासा. काच थेट भिंतीला बांधायची नाही.

शिवाय घर तुमचं असलं तरी पार्कातली जागा भाड्याची असते. कॅलिफोर्नियात मोबाइल होमच्या रचनेतल्या बदलांचे नियम राज्याच्या गृहनिर्माण विभागाकडे आहेत, काही ठिकाणी अंमलबजावणी शहर किंवा काउंटी बघते. पियर वाढवण्याआधी पार्कच्या ऑफिसला लेखी विचारा आणि परवाना लागतो का हे कोणाला विचारायचं ते त्यांच्याकडूनच समजून घ्या.

---

पाणवठा

सगळ्यांचे मनापासून आभार. जाळी काढून बघितलं. डेकिंग ⅝ इंची पार्टिकल बोर्ड, कोरडा आणि कडक. जॉइस्ट आडवे, १६ इंचांवर. कडेपासून आय-बीम २३ इंच. टँकच्या जागेखाली आउटरिगर एकच, डावीकडच्या टोकापासून सुमारे दोन फुटांवर.

अडचण वेगळी निघाली. कापडाला चीर दिली तर जॉइस्टच्या तळाला चिकटून एक करडा, लवचिक पाण्याचा पाइप जातोय, अगदी तुळई जिथे यायला हवी त्याच रेषेत. तुळई दोन इंच सरकवली तर चालेल का?

---

चौकट

तुळई सरकवायला हरकत नाही. कडेपासून ८ ते १२ इंचांत कुठेही चालेल. ८ वर घेतलीत तर बीमवर थोडा जास्त भार जाईल, एवढंच. पण आधी त्या पाइपवरची छपाई वाचा. करडा, लवचिक आणि १९७९ चं घर म्हणजे तो पॉलिब्युटिलीन असण्याची दाट शक्यता आहे, त्यावर पीबी २११० असं काहीतरी लिहिलेलं असतं. क्लोरीनच्या पाण्याने हा पाइप आणि त्याचे प्लास्टिकचे जोड आतून ठिसूळ होतात. त्याला बाजूला वाकवून तुळई घुसवू नका, आणि तुळई त्याला घासेल इतकीही जवळ नको.

कापड उघडं आहेच, तर टँकच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन फूट पुढपर्यंतचा तुकडा पेक्सने (हल्लीच्या प्लास्टिकच्या पाइपने) बदलून घ्या. जोडायला पीबी ते पेक्स असं स्पष्ट लिहिलेलंच कपलिंग लागतं; पेक्सचा नेहमीचा क्रिंप जोड पीबीमध्ये नीट बसत नाही, आतला व्यास वेगळा असतो. नवा पाइप जॉइस्टच्या तळाला न लावता दोन जॉइस्टमधल्या पोकळीतून नेता आला तर उत्तम, नाहीतर तुळईपासून तीन इंच लांब क्लिपने धरा. पाणी सुरू करून एक रात्र जोड न झाकता ठेवा, कोरडे राहिले की मगच फायबरग्लास परत सारून कापड टेपने बंद करा.

आउटरिगर दोन फुटांवर आहे म्हणजे तुळईचे दोन तुकडे होतील, एक सुमारे २४ इंचांचा आणि एक ५० चा. लहान तुकड्याखाली दोन पियर, मोठ्याखालीही दोन. सामानात पॅड, कॅप आणि २ × ८ चा तुकडा एक-एक आणि ठोकळे दोन वाढवा.

---

रंधा

चौकट यांच्या ५० इंची तुकड्याला दोन पियरवर चालेल, ४ × ६ ला एवढा गाळा काहीच नाही. पण त्याच्या आउटरिगरकडच्या टोकाचा पियर तुकड्याच्या टोकापासून चार इंचांहून जास्त आत घेऊ नका, कारण आउटरिगरलगतचा जॉइस्ट नेमका त्या टोकावर टेकणार आहे. पाचरी ठोकून झाल्यावर पाचही जॉइस्टना खालून हाताने दाबून बघा, एकही हलता कामा नये.

---

निळाई

बोर्ड कडक असला तरी टँक येण्याआधी त्या जागेच्या वरच्या बाजूला आणि उघड्या कडांना ऑइल-बेस्ड प्रायमरचे दोन हात द्या. लॅमिनेट परत बसवताना स्टँडच्या वजनाखाली ते अडकून बसू नये म्हणून स्टँडच्या जागेपुरतं ते कापून काढलंत आणि तिथे लॅमिनेटच्याच जाडीचं प्लायवुड भरलंत तर जास्त चांगलं. तरंगतं, म्हणजे फ्लोअरला न चिकटवलेलं लॅमिनेट जड वस्तूखाली अडकलं की खोलीच्या दुसऱ्या टोकाला फुगून वर येऊ शकतं.